ब्रेक लावलेली वॅगन

प्रिय रुचा,

तुझा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. गेल्या फेब्रुवारीत आलेला. 'बाबा, आई गेल्या हे आज कळलं. मला कळवलं का नाहीत?' बस, एवढाच. त्यावर मी काहीच लिहिलं नाही. तुला वाटलं असेल म्हातारा रागावलाय, किंवा दुःखात आहे, किंवा त्याला टाइप करता येत नाही. टाइप मला येतं, एका बोटानं, सावकाश. रागही नव्हता. उत्तर माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं, ते द्यायची हिंमत नव्हती. अकरा महिने असेच गेले. पुढच्या आठवड्यात हेमाचं वर्षश्राद्ध आहे आणि त्याच्या आत हे पत्र पेटीत पडलंच पाहिजे असं मी स्वतःला बजावलंय. फोनवर लिहिलं असतं तर तू लगेच वाचलं असतंस, आणि त्या दोन निळ्या खुणांकडे बघत बसायचा धीर मला नाही. पोस्टाचं बरं असतं, ते दोघांनाही चार दिवस देतं. हे वाचून तू माझ्याशी पुन्हा बोलशील की कायमचं बोलणं टाकशील, मला माहीत नाही. बोलावंस असं फार वाटतं, हे आधीच सांगून टाकतो.

आता सरळ उत्तरावर यावं, तर माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. ऑफिसात एका पानाचा रिपोर्ट मागितला की मी अकरा पानं द्यायचो आणि निष्कर्ष शेवटच्या पानावर, तळाशी. साहेब लोक वैतागायचे. हेमा म्हणायची, तुम्हाला कोथिंबीर कशी जुडी विचारलं तर आधी मंडईचा इतिहास सांगाल. तेव्हा जरा सोसून घे. तुला शेवटचं पान आधी उघडायची खोड आहे, कादंबऱ्यासुद्धा तू तशाच वाचायचीस. या वेळी तेवढं करू नकोस.

इकडची, लखनौची हालहवाल अशी. आलमबागेत गेले नऊ दिवस ऊन नाही. धुकं इतकं की समोरच्या बिल्डिंगच्या टाक्या दिसत नाहीत. दुपारचे दोन वाजलेत आणि मी दिवा लावून लिहितोय. वरच्या मजल्यावरच्या शर्मिष्ठाजी, त्या कॉलेजात शिकवायच्या त्या, दर दोन दिवसांनी डबा आणून देतात आणि दम भरतात, "भाईसाहब, खा लीजिएगा, फ्रिज में सजाइएगा मत." मी फ्रिजमध्येच सजवतो. एकट्यानं ताट वाढून घ्यायचं, एकट्यानं जेवायचं आणि एकट्यानं ते ताट घासायचं, यात माणूस जेवला असं वाटतच नाही. गॅसचा सिलिंडर आता चार-चार महिने पुरतो. सिलिंडरवाला परवा विचारत होता, "अंकल, कुछ पकाते भी हैं कि नहीं?" मी म्हटलं, चाय. घरात आवाज नाही ग. पूर्वी हेमाचा रेडिओ असायचा, सत्यजितचं फोनवरचं तारस्वरातलं हिंदी असायचं, तुझं रोज एक तरी भांडं पडायचं. आता कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकतो. फार एकटं वाटतं, रुचा. सत्यजितला हे सांगितलं नाही, त्याला वाटेल मी त्याला बोलावतोय. तुला सांगतो.

सत्यजित तुला पहिल्यांदा घेऊन आला तो दिवस आठवतो? आम्ही तेव्हा मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये होतो, माझ्या निवृत्तीला सात महिने होते. हेमा तुला विचारत होती, पुरणपोळी आवडते का, घरी कोण कोण असतं. मी विचारलं, तू नक्की करतेस काय? तू म्हणालीस, अंतराळात दोन यानं एकमेकांना कशी जोडायची, त्याचं काम. मी हातातला कप खाली ठेवला. माझी एकतीस वर्षं दुसऱ्या कशात गेली होती? मालगाडीच्या वॅगनी एकमेकींना जोडणारा तो लोखंडी कपलर, त्याच्या चाचण्या, त्याचे रिपोर्ट. या विषयात आमच्या घरी कुणाला काडीचा रस नव्हता. सत्यजितला लहानपणी एकदा हौसेनं यार्डात नेलं होतं, तर अर्ध्या तासात "बाबा, घर चलो ना" म्हणून त्यानं रडून गोंधळ घातला. आणि तू विचारलंस, काका, तुम्ही वॅगन किती वेगानं आदळवता? मी म्हटलं, ताशी नऊ किलोमीटर. तुमचं काय? तू म्हणालीस, सेकंदाला एक सेंटीमीटर. मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, याहून आमच्या स्वयंपाकघरातल्या मुंग्या जोरात जातात. तू अजिबात न हसता म्हणालीस, आमच्याकडे त्या मुंगीच्या धक्क्यानंसुद्धा दोघं दूर निघून जातात आणि मग त्यांना धरायला कोणी नसतं. त्या दिवशी सत्यजितपेक्षा मीच तुला जास्त पसंत केलं असेन.

मग लग्न झालं, तुम्ही बंगळुरूला, आम्ही या फ्लॅटमध्ये. दर रविवारी अकराला तुमचा फोन. सत्यजित दोन मिनिटं, हेमा वीस मिनिटं आणि मग आपली दोघांची शाळा. एका दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा हेमानं हट्टच धरला की तुम्ही दोघं दर रविवारी काय कुजबुजता ते मला एकदा समजलं पाहिजे. तू कॅरम खाली काढलास, पावडर भुरभुरवलीस, हेमाच्या परातीतली कणीक उचललीस आणि दोन सोंगट्यांच्या कडांना लावलीस. एक मधोमध ठेवली. दुसरी बोटानं सोडली. ती जाऊन पहिलीला चिकटली आणि दोन्ही मिळून पुढे सरकल्या, सावकाश. हेमानं विचारलं, अर्धा वेग कुठे गेला हिचा? तू म्हणालीस, कुठे नाही गेला, आई. आता वजन दुप्पट झालंय, एकीकडे होतं ते दोघींनी वाटून घेतलं. वस्तुमान गुणिले वेग, तो संवेग. जोडणीच्या आधी जेवढा होता तेवढाच नंतर. मी गप्प कसा बसेन? मी सांगितलं की संवेग तेवढाच राहतो पण ऊर्जा राहत नाही, इथे तर निम्मी गेली, आवाजात, उष्णतेत, कणीक चेपण्यात. हेमा म्हणाली, ते असू दे, माझ्या दोन पोळ्या कमी झाल्या त्याचा काय नियम?

पण त्याच वेळी तिनं आणखी एक विचारलं होतं. मधली सोंगटी हललीच नाही तर? तू म्हणालीस, हलणारच. ती कितीही जड असू दे, थोडी तरी हलणारच. मी म्हटलं, ब्रेक लावला तर नाही हलणार. तेव्हा तू माझ्याकडे बघून हसलीस आणि म्हणालीस, "बाबा, तुमच्या हिशेबात पृथ्वी असते. आमच्याकडे नसते." मला ते उत्तर आवडलं. जेवताना मी ते दोनदा बोलूनही दाखवलं. आणि मग विसरलो.

तुला आमचा टेस्ट ट्रॅक दाखवायचा राहूनच गेला, म्हणून सांगतो. एक भरलेली वॅगन रुळावर उभी करायची, तिचे ब्रेक आवळायचे आणि ती मागे सरकू नये म्हणून तिच्या पाठीशी आणखी तीन भरलेल्या वॅगनी लावायच्या. मग उतारावरून दुसरी सोडायची. ती येते, धडकते, कपलर एकमेकांत बसतात आणि ती जागच्या जागी थांबते. उभी असलेली जेमतेम वीतभर हलते. दोन्ही वॅगनींच्या कपलरमागे रबराचे जाड पॅड असतात, ते चेपतात आणि धक्का पोटात घेतात. आम्ही मोजायचो ते बहुतेक येणारीचं. तिच्यावर किती टन जोर आला, तिचे पॅड किती चेपले, तिला कुठे तडा गेला का. रिपोर्टात दोन शब्द ठरलेले, 'येणारी वॅगन' आणि 'उभी वॅगन'. एकतीस वर्षं तेच दोन शब्द लिहून लिहून मला घरातही तसंच दिसायला लागलं होतं, पण हे मला फार उशिरा कळलं.

कोविडच्या दुसऱ्या वर्षी हेमाच्या गुडघ्यांचं दुखणं निघालं, सत्यजितनं लखनौला नोकरी धरली आणि तू दोन वर्षांची रजा टाकून आलीस. आम्हाला किती आनंद झाला म्हणून सांगू! थंडीच्या सकाळी हेमाला शालीत गुंडाळून, रिक्षात घालून चौकात मक्खन मलाई खायला नेणारी तूच. सत्यजितला अंथरूण सुटायचं नाही आणि मला ती मलाई म्हणजे साबणाचा फेस वाटायचा. तुम्ही दोघी परत यायचात तेव्हा हेमाचं नाक लाल झालेलं असायचं आणि ती दिवसभर त्याच गोष्टी सांगायची. तू रजेवर आहेस, तुझं काही काम मागे राहिलंय, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही येत नव्हतं. तू टेबलावर कागद पसरून बसलीस की हेमासुद्धा म्हणायची, आवर ग, जेवायचंय.

मग तुझ्या टीमचा फोन आला. इतकी वर्षं कागदावर होतं ते आता खरोखर बनणार होतं. तू परत जायचं म्हणालीस आणि सत्यजित नाही म्हणाला. घर इथे आहे, आई इथे आहे, मी नाही येणार. बंद दाराआड तुमचं हिंदीत आणि इंग्रजीत चालायचं आणि आम्ही दोघं टीव्हीचा आवाज वाढवून बसायचो. मार्चमधल्या एका संध्याकाळी तू दोन कप चहा घेऊन बाल्कनीत माझ्याजवळ आलीस. हेमा देवळात गेली होती. तू रडली नाहीस, तक्रार केली नाहीस. ऑफिसात एखादा सहकारी दुसऱ्याला विचारेल तसं विचारलंस. सत्यजित महिन्यातले पंधरा दिवस तिकडून काम करू शकतो, उरलेले दिवस मी इकडे येण्याचं जमवते, दोघांनी थोडं थोडं बदललं तर होईल, तुम्ही त्याच्याशी एकदा बोलाल का? तो तुमचं ऐकेल. एवढंच मागितलंस. आणि मी म्हणालो, "हे बघ रुचा, घर म्हणजे उभी वॅगन. येणाऱ्यानं थोडं चेपून घ्यायचं असतं. पॅड त्याच्यासाठीच दिलेले असतात." अक्षर न् अक्षर आठवतंय मला. बोलताना मला बरंसुद्धा वाटलं. वाटलं, काय नेमकं सांगितलं, हिच्या भाषेत सांगितलं. तू उठलीस. कप उचललेस, माझा अर्धा भरलेला होता तोही उचललास, आणि आत गेलीस. जूनमध्ये बंगळुरूला गेलीस ती परत आली नाहीस.

गेल्या पावसाळ्यात कपाटाला वाळवी लागली म्हणून जुन्या फायली बाहेर काढल्या. एक रिपोर्ट सहज चाळला. येणाऱ्या वॅगनचा संवेग, धडकेआधी इतका, धडकेनंतर जवळजवळ शून्य. आणि खाली माझ्याच अक्षरात, पेन्सिलीनं, 'ब्रेकमार्फत रुळांत.' मी पलंगावर बसलो. पूर्ण भरलेली वॅगन उतारावरून येते, तिचा सगळा संवेग रुळांत जातो आणि रुळांतून जमिनीत. जमिनीला ते कळतसुद्धा नाही. तू आमच्या घरात केवढा वेग घेऊन आली होतीस! आम्ही तसूभरही हललो नाही आणि वर म्हणत राहिलो की ही जरा शांत झाली, रुळली. तुझं ते सगळं कुठे गेलं, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आणि उभी वॅगन काही आपोआप अचल होत नाही. तिला कुणीतरी ब्रेक लावलेला असतो. सत्यजितला मी एका शब्दानं हलवू शकलो असतो. त्याला बाप जा म्हणाला असता तर तो गेला असता, तो तसा आळशी आहे, दुष्ट नाही. आणि पॅडबद्दल तर मी तुला चक्क खोटं सांगितलं. पॅड उभ्या वॅगनलाही असतात. जोर दोघींवर सारखाच येतो. ज्यानं जन्मभर तेच मोजलं त्याला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माहीत होतं, आणि तरी मी तुला एकटीलाच चेपून घ्यायला सांगितलं. माझं चुकलं, रुचा. तुझ्याशी मी अन्यायानं वागलो.

तू एकदा सांगितलं होतंस की जोडलेली यानं सोडवताना मधली स्प्रिंग एकालाच ढकलू शकत नाही, दोघंही मागे जातात. तसंच झालं. ज्या सत्यजितला लखनौ सोडता येत नव्हतं, तो तू गेल्यावर सात महिन्यांत शारजाला गेला. घर इथे आहे, आई इथे आहे, ते सगळं तसंच होतं, तरी गेला. हेमा बोलायची कमी झाली. रविवारी अकराला फोनजवळ येऊन बसायची आणि विचारलं तर म्हणायची, सत्यजितचा येईल. त्याचा फोन शुक्रवारी येतो हे तिला माहीत होतं. एकदा तिनं तुला फोन लावायला घेतला तेव्हा मीच अडवलं. म्हटलं, घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्यात, आता त्या मुलीला मोकळं राहू दे, सारखी ओढू नकोस. किती समजूतदार वाटतं ना ऐकायला? हेमाला वाटलं मी तुझाच विचार करतोय. तिनं फोन खाली ठेवला.

हल्ली मी चारच्या सुमारास मानक नगर स्टेशनवर जाऊन बसतो. तिकीट तपासणारे ओळखतात, काही म्हणत नाहीत. मालगाडी थांबून पुन्हा निघते तेव्हा इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकेक कपलर ताणला जातो, खडाड, खडाड, खडाड, आणि मी डोळे मिटून मोजतो. अठ्ठावन्न, कधी एकोणसाठ. परवा बाजूच्या बाकावरच्या माणसानं विचारलं, "बाबूजी, किसी को लेने आए हैं?" काय सांगणार? हो म्हटलं. मग त्यानं माझ्यासाठी पुढच्या गाडीची चौकशी केली, आणि मला ती गाडी येईपर्यंत तिथे बसावं लागलं. माणसं उतरली, गेली. मग मीही घरी आलो.

आता तुझा प्रश्न. ऑक्टोबरात हेमाच्या पोटात गाठ निघाली, तीही फार पुढे गेलेली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की तीन-चार महिने. सत्यजित दोनदा येऊन राहून गेला. जाताना म्हणाला, "बाबा, रुचा को मत बताना, प्लीज़, बहुत ऑकवर्ड हो जाएगा." त्याच्यावर ढकलता आलं असतं. पण मी त्याचं कधी कुठलं ऐकलंय? खरं कारण असं की तुला कळवलं असतं तर तू आली असतीस. याची मला पूर्ण खात्री होती. तू हेमाच्या उशाशी बसली असतीस, मी पायाशी, आणि तिनं कधी ना कधी विचारलं असतं की तुझ्या जाण्याआधी नेमकं काय झालं होतं. बाल्कनीतलं तिला माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं होतं की मी तुझी बाजू घेतली, सत्यजितला खूप समजावलं, त्यानंच ऐकलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्या नजरेत माझी जी काही किंमत होती, ती शेवटच्या तीन महिन्यांत घालवायची माझी तयारी नव्हती. म्हणून कळवलं नाही. तू विचारलंस त्याचं उत्तर एवढंच आहे, आणि ते तू कदाचित अर्धंमुर्धं ओळखलंही असशील.

पण जे तू विचारलं नाहीस, तुला विचारता येणंच शक्य नव्हतं, ते सांगायला हे पत्र लिहायला बसलो. हेमानं तुला बोलावलं होतं. डिसेंबर संपता संपता, हॉस्पिटलात, ती म्हणाली, रुचाला एकदा बोलवा हो. मी फोन घेऊन व्हरांड्यात गेलो, दहा मिनिटं नुसता उभा राहिलो आणि आत येऊन सांगितलं की बोललो तिच्याशी, त्यांची यानं नुकतीच वर गेलीत, जोडणी झाली की येते म्हणाली. तिला ते लगेच पटलं. ती रोज मला पेपर वाचायला लावायची. सात तारखेची जोडणी नऊवर गेली, नऊची आणखी पुढे गेली, मग तीन मीटरवर आणून यानं पुन्हा मागे घेतली. तुम्ही तिकडे जिवाचं रान करत होतात आणि मला इकडे दर वेळी सुटल्यासारखं वाटत होतं. सोळा तारखेला झाली जोडणी. नर्सनं मोबाइल तिच्यासमोर धरला, "आंटी, देखिए, जुड़ गए दोनों." हेमानं हात जोडले, माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं हो तिचं. आता येईल." तिनं नर्सकडून वेणी घालून घेतली. त्यानंतर सात दिवस ती रोज सकाळी वेणी घालायला लावायची आणि दाराकडे तोंड करून पडायची. मी सांगत होतो, धुक्यामुळे विमानं रद्द होताहेत. शेवटच्या दिवशी दुपारी तिनं मला खूण करून जवळ बोलावलं आणि म्हणाली, "नाही आली म्हणून तिच्यावर रागावू नका. तिची काहीतरी अडचण असेल." संध्याकाळी ती गेली. तुझ्यावर न रागावता गेली, पण बोलावूनही तू आली नाहीस असं समजून गेली. तिला आता खरं सांगता येत नाही, तुला तरी सांगतो. तुला बोलावलं होतं, रुचा. निरोप माझ्यापाशी राहिला.

तुझाच,
गोपीनाथ